बेगमी : नासाच्या लघुउद्योग संशोधन कार्यक्रमाची चार दशके

हबल दुर्बिणीवर फेब्रुवारी १९९७ मध्ये निकमॉस नावाचा अवरक्त कॅमेरा बसवला गेला. अवरक्त किरण म्हणजे उष्णतेचेच सगेसोयरे. कॅमेरा स्वतः उबदार असेल तर दूरच्या दीर्घिकेआधी त्याला स्वतःचीच ऊब दिसते. म्हणून त्याच्याभोवती गोठवलेल्या नायट्रोजनचा साठा होता आणि तो साडेचार वर्षे पुरेल असा हिशेब होता. हिशेब चुकला. नायट्रोजनचा बर्फ प्रसरण पावला, आतले भांडे वाकून शेजारच्या कवचाला टेकले, तिथून उष्णता आत झिरपू लागली आणि जानेवारी १९९९ मध्ये साठा संपला. कॅमेरा धडधाकट, पण आंधळा. मार्च २००२ मध्ये कोलंबिया यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी त्याला एक यांत्रिक शीतक जोडला आणि त्याला पुन्हा दिसू लागले. या शीतकात निऑन वायू फिरवणाऱ्या चिमुकल्या टर्बाइन होत्या. त्या मिनिटाला चार लाखांहून अधिक फेरे घेत, आणि तेही वायूच्याच पातळ थरावर तरंगत. त्यामुळे घासणे नाही, तेल नाही आणि दुर्बिणीची नजर हलेल असा कंपही नाही. बनवणारी कंपनी क्रिअर, न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर या लहानशा गावातली. बिघाड लक्षात आल्यापासून दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९९८ मध्ये, हा शीतक डिस्कव्हरी यानातून चाचणीसाठी अवकाशात जाऊनही आला होता. अशी वस्तू दोन वर्षांत शून्यातून उभी राहत नाही. क्रिअरने या जातीच्या टर्बाइनवर काम सुरू केले होते ते १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात, हबल कक्षेत जाण्याच्या कितीतरी आधी. त्या कामाला पैसे पुरवले होते नासाच्या लघुउद्योग नवोपक्रम संशोधन कार्यक्रमाने, म्हणजे ज्याला अमेरिकेत सगळे नुसते एसबीआयआर म्हणतात त्याने.

या कार्यक्रमाचा इतिहास सहसा दोन पद्धतींनी सांगितला जातो. एक म्हणजे यशोगाथांची माळ: अमुक कंपनी गॅरेजात सुरू झाली आणि मंगळावर पोहोचली. दुसरी म्हणजे जमाखर्च: इतके डॉलर दिले, इतके रोजगार झाले, इतकी विक्री झाली. दोन्हींतून कार्यक्रमाचे खरे काम हातातून निसटते, असे माझे मत आहे. पावसाळ्याआधी घराघरांत बेगमी होते. मिठा-मसाल्याची, लाकूडफाट्याची, पापडांची. त्यातले काय नेमके कधी लागेल हे कुणालाच ठाऊक नसते आणि काही डबे वर्षअखेरीस न उघडताच राहतात. म्हणून बेगमी वाया गेली असे कुणी म्हणत नाही. नासाने या कार्यक्रमातून लहान कंपन्यांकडून वस्तू विकत घेतल्या असे म्हणण्यापेक्षा तयारी विकत घेतली, पुढची अडचण येण्याआधीचा वेळ विकत घेतला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. हे एकदा मानले की या कार्यक्रमावरचे बरेचसे आक्षेप वेगळ्या प्रकाशात दिसतात. सगळेच मिटतात असे नाही.

मूळ कल्पना नासाची नव्हे. नॅशनल सायन्स फाउंडेशनमधले अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू केला. सरकारी संशोधनाचा पैसा विद्यापीठांकडे आणि बड्या कंत्राटदारांकडे जात असे. लहान कंपन्यांच्या वाट्याला नगण्य रक्कम येई. टिबेट्स यांनी त्यांच्यासाठी तीन टप्प्यांची शिडी बांधली. आधी थोड्या पैशांत कल्पना शक्य आहे का ते पाहायचे, जमले तर मोठ्या रकमेत नमुना उभा करायचा आणि तिसऱ्या टप्प्यात बाजाराने किंवा प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्या खात्याने पैसे घालायचे. जानेवारी १९८० मध्ये व्हाइट हाउसने भरवलेल्या लघुउद्योग परिषदेत ही कल्पना सगळ्या सरकारभर नेण्याची मागणी झाली. सिनेटमध्ये विधेयक मांडणारे वॉरन रडमन हे न्यू हॅम्पशायरचे, म्हणजे क्रिअरच्याच राज्याचे, हा निव्वळ योगायोग असला तरी गमतीचा. संशोधन विद्यापीठांनी आणि काही सरकारी खात्यांनी कडाडून विरोध केला. मूलभूत विज्ञानाच्या तोंडचा घास काढून दुकानदारांना देणार, असा त्यांचा सूर होता. तरीही २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. बाहेरच्या संस्थांकडून वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिकचे संशोधन करून घेणाऱ्या प्रत्येक खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, असे बंधन आले. सुरुवातीला हिस्सा होता ०.२ टक्के, काही वर्षांत तो १.२५ टक्के झाला. १९९२ च्या कायद्याने तो २.५ टक्क्यांवर नेला आणि जोडीला एसटीटीआर हा दुसरा कार्यक्रम आणला. त्यात कंपनीने एखाद्या विद्यापीठाशी किंवा संशोधन संस्थेशी भागीदारी केलीच पाहिजे आणि किमान ४० टक्के काम कंपनीने, किमान ३० टक्के त्या संस्थेने करायचे. विरोध करणाऱ्या विद्यापीठांसाठी दहा वर्षांनी दार उघडले, असेही याला म्हणता येईल. २०११ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने एसबीआयआरचा हिस्सा टप्प्याटप्प्याने ३.२ टक्क्यांपर्यंत नेला.

नासात हा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि त्याची चौकट तेव्हापासून फारशी बदललेली नाही. नासाच्या केंद्रांतले तंत्रज्ञ आपापल्या अडचणींची यादी करतात: चंद्रावरची धूळ सांध्यांत शिरते, द्रवरूप हायड्रोजन टाकीत उडून जातो, विमानाच्या पंखावर बर्फ धरतो. ही यादी निमंत्रणाच्या रूपाने जाहीर होते. पाचशेपेक्षा अधिक कर्मचारी नसलेली, अमेरिकेत असलेली, नफ्यासाठी चालणारी कुठलीही कंपनी प्रस्ताव धाडू शकते. पहिला टप्पा सहा महिन्यांचा. १९८० च्या दशकात त्याला ५० हजार डॉलर मिळत, अलीकडच्या निमंत्रणांत दीड लाख. दुसरा टप्पा दोन वर्षांचा, साडेआठ लाखांपर्यंतचा. आकडे ऐकायला बरे वाटतात, पण नासाचे वार्षिक अंदाजपत्रक २५०० कोटी डॉलरच्या आसपास आहे आणि या दोन्ही कार्यक्रमांवरचा खर्च २० कोटींच्या थोडा वर. म्हणजे शंभरातला एकही पुरता नाही. ताकद पैशात नाही, तर तीन बारीक अटींत आहे. पहिली अशी की पैसे अनुदान म्हणून नव्हे, कंत्राट म्हणून दिले जातात. नासा दाता नसते, गिऱ्हाईक असते. दुसरी, शोधाची मालकी कंपनीकडेच राहते. १९८० च्या बे-डोल कायद्याने लहान कंपन्यांना पेटंटचा हक्क दिलाच होता. त्याशिवाय या कामातली तांत्रिक माहिती सरकारने ठरावीक काळ बाहेर फोडायची नाही असे बंधन आहे. २०१९ पासून तो काळ २० वर्षांचा आहे. तिसरी अट सगळ्यांत मोलाची आणि बाहेरच्यांना सगळ्यांत कमी ठाऊक असलेली. पहिल्या दोन टप्प्यांत स्पर्धा झालेलीच असल्यामुळे तिसऱ्या टप्प्यात सरकारी खाते त्या कंपनीला पुन्हा निविदा न काढता थेट काम देऊ शकते. सरकारी खरेदीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या एका वाक्याची किंमत समजावून सांगायला नको. ‘सर्वांत कमी दर’ या अटीखाली चांगला नमुना फाइलीतच कुजतो; इथे तो फाइलीतून बाहेर काढायची वाट कायद्यानेच ठेवली.

जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन गाड्यांकडे पाहिले तर बेगमीचा अर्थ जवळून दिसतो. मंगळावर दिवस कसाबसा सुसह्य, रात्र उणे ९० अंश सेल्सिअसच्याही खाली. बॅटरी रात्री गोठू द्यायची नाही आणि दिवसा काम करताना तापूही द्यायची नाही. घरात आपण खिडकी उघडतो आणि मिटतो; इथे खिडकी उघडायला कुणी नाही आणि मोटर लावावी तर तिलाच वीज लागते. उत्तर निघाले मेणातून. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरातल्या स्टारसिस या कंपनीने मेणावर चालणारा उष्णतेचा खटका बनवला होता. बॅटरी तापली की आतले पॅराफिन वितळून फुगते, त्याच्या रेट्याने धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात आणि उष्णता बाहेरच्या पंख्यासारख्या पत्र्याकडे वाहून जाते. थंडी पडली की मेण आखडते, पृष्ठभाग सुटे होतात आणि ऊब आत कोंडली जाते. वीज नाही, संगणक नाही, आज्ञा नाही. बॅटऱ्या होत्या कनेक्टिकटमधल्या यार्डनी कंपनीच्या, लिथियम-आयनच्या. दोन्ही वस्तूंमागे एसबीआयआरची कंत्राटे होती. गाड्यांकडून अपेक्षा होती नव्वद मंगळदिवसांची. स्पिरिट २०१० पर्यंत बोलत राहिली, ऑपॉर्च्युनिटी जून २०१८ पर्यंत. याचे सगळे श्रेय मेणाला देणे वेडेपणाचे ठरेल, पण मोहिमेचा आराखडा ठरला तेव्हा हा खटका आणि ही बॅटरी ‘करून पाहू’ या यादीत नव्हती, ‘घेऊन टाकू’ या यादीत होती, एवढे नक्की.

वस्तूंच्या बाबतीत जे झाले तेच पुढे अख्ख्या मोहिमेच्या बाबतीत झाले. चंद्राभोवती तेव्हा नियोजित असलेल्या गेटवे या स्थानकासाठी नासाने एक लांबट, साडेसहा दिवसांत एक फेरा घेणारी कक्षा निवडली होती, पण तिच्यात त्याआधी एकही यान फिरलेले नव्हते. कोलोरॅडोतल्याच ॲडव्हान्स्ड स्पेस या छोट्या कंपनीने एसबीआयआरच्या पैशांतून एक संगणकप्रणाली बनवली होती. चंद्राजवळची दोन याने पृथ्वीवरच्या केंद्राच्या मदतीशिवाय एकमेकांशी बोलून आपापली जागा ठरवू शकतील का, हा तिचा विषय. सप्टेंबर २०१९ मध्ये नासाने या कंपनीला तिसऱ्या टप्प्याचे १.३७ कोटी डॉलरचे थेट कंत्राट दिले: प्रणालीही तपासा आणि कक्षाही. मायक्रोवेव्ह ओव्हनएवढे, २५ किलोंचे कॅपस्टोन यान २८ जून २०२२ रोजी न्यूझीलंडमधून उडाले. प्रवास सुखाचा झाला नाही. वाहक यानापासून सुटल्यावर संपर्क तुटला आणि दोन दिवसांत पुन्हा जुळला. सप्टेंबरमध्ये मार्ग सुधारताना एका झोतयंत्राची झडप पुरती मिटली नाही, यान गिरक्या खाऊ लागले आणि ते सावरायला महिना गेला. तरी १३ नोव्हेंबर २०२२ रोजी ते ठरल्या कक्षेत शिरले. बड्या मोहिमेत असा एकेक प्रसंग चौकशी समिती नेमायला पुरेसा ठरला असता. इथे तो शिकण्याच्या खर्चात जमा झाला, कारण खर्चच तेवढा ठेवलेला होता.

आता आक्षेपांकडे. सगळ्यांत जुना आणि झोंबणारा आक्षेप असा की काही कंपन्या बाजारात काही विकतच नाहीत, वर्षानुवर्षे एसबीआयआरची कंत्राटे मिळवण्यावरच जगतात. वॉशिंग्टनमध्ये अशांना ‘गिरण्या’ म्हणतात: एका बाजूने प्रस्ताव घाला, दुसऱ्या बाजूने अहवाल निघतात. पंचाईत अशी की या यादीत ज्यांची नावे घेतली जातात त्यांत क्रिअर आहे. सगळ्या सरकारी खात्यांची मिळून शेकडो कंत्राटे तिने घेतली आहेत. या आक्षेपाला ‘पण त्यांनी हबल वाचवली’ एवढे उत्तर पुरत नाही. एका आंब्यावरून आमराईचा भाव ठरत नाही. उत्तर शोधायचे तर त्या टर्बाइनच्या स्वभावात शोधावे लागते. मिनिटाला चार लाख फेरे घेणारा दांडा घडवण्याची कला आराखड्यात लिहून ठेवता येत नाही. ती चार-सहा माणसांच्या हातात असते आणि काम थांबले की ती माणसे पांगतात. अशा कलेला वर्षाला एखादेच गिऱ्हाईक मिळते आणि ते बहुधा सरकार असते. अशा कंपनीला ‘विक्री किती केली’ असे विचारणे म्हणजे अग्निशामक दलाला ‘आगी किती विकल्या’ असे विचारण्यासारखे आहे. म्हणून सगळ्या गिरण्या निर्दोष ठरत नाहीत. ज्या विषयाला नागरी बाजार आहे आणि जिथे पाच कंपन्या तेच काम करू शकतात, तिथे एकाच कंपनीने विसावे कंत्राट घेणे हा बेगमीचा नव्हे, सवयीचा प्रकार असतो, आणि नासाच्या विषययाद्यांत असे विषय मुळीच नसतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे अधिक थंड डोक्याचे आहे. जॉश लर्नर यांनी १९९९ मध्ये दाखवले की एसबीआयआर मिळालेल्या कंपन्या इतरांपेक्षा वेगाने वाढल्या खऱ्या, पण साहस भांडवलाची जिथे आधीच वर्दळ होती अशाच भागांत. स्कॉट वॉल्स्टन यांनी २००० साली त्याहून कडू निष्कर्ष मांडला: सरकारी डॉलर आला की कंपनी स्वतःचा संशोधनावरचा डॉलर काढून घेते, म्हणजे एकूण संशोधन वाढतच नाही. सब्रिना हॉवेल यांनी २०१७ मध्ये ऊर्जा खात्याची एसबीआयआर अनुदाने तपासली तेव्हा पहिल्या टप्प्याच्या छोट्या रकमेने पुढे साहस भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुपटीने, सुमारे १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर, गेल्याचे दिसले. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेचा तसा परिणाम मात्र दिसला नाही. मग दुसरा टप्पा गुंडाळून पहिलाच वाटत सुटावे का? ऊर्जेच्या बाबतीत कदाचित. सौर पट्टी आणि बॅटरीला गिऱ्हाईक जगभर आहे. कल्पना शक्य आहे एवढे सिद्ध झाले की खासगी पैसा पुढे येतो. मंगळावरच्या मेणाच्या खटक्याला मात्र गिऱ्हाईक एकच. तिथे नमुना उभा करण्याचा खर्च नासाने केला नाही तर दुसरे कुणीच करणार नाही आणि काढून घ्यायला कंपनीचा स्वतःचा डॉलर मुळात नसतोच. वॉल्स्टन यांचा आक्षेप खरा आहे, पण जिथे बाजार आहे तिथे खरा आहे. हे तिन्ही अभ्यास कंपनीचे काय झाले ते मोजतात. कॅमेऱ्याचे काय झाले ते मोजण्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. तो नसावा हे समजण्याजोगे आहे. दहा-पंधरा वर्षे वाट पाहणारी वस्तू कुठल्या वर्षाच्या खात्यात मांडायची हा प्रश्न सोपा नाही.

आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये याच कल्पनेवर, जवळपास याच नावाने, एसबीआयआरआय ही योजना आणली. तिच्यात अनुदानाबरोबर कमी व्याजाचे कर्ज होते. योजना उपयोगी ठरली, पण कर्ज देणारे सरकार आणि वस्तू मागणारे सरकार यांत फरक आहे. सावकाराला हप्त्याची काळजी असते, गिऱ्हाइकाला वस्तूची.

लहान कंपन्या पुढे मोठ्यांच्या पोटात जातात, हाही एक आक्षेप आहे आणि तो वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. स्टारसिस २००६ मध्ये स्पेसडेव्हने घेतली आणि स्पेसडेव्ह स्वतः २००८ मध्ये सिएरा नेवाडाकडे गेली. अंतराळस्थानकात २०१४ मध्ये पहिले त्रिमिती छपाईयंत्र बसवणारी मेड इन स्पेस २०२० मध्ये रेडवायरकडे गेली, आणि डिप्लॉयेबल स्पेस सिस्टिम्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी २०२१ मध्ये त्याच वाटेने. करदात्याच्या पैशावर वाढलेले रोप दुसऱ्याच्या कुंपणात गेले, असे वाटणे साहजिक आहे. पण या शेवटच्या कंपनीची वस्तू पाहावी. सुताराच्या खिशातली पोलादी फीत डबीतून सुटली की आपोआप सरळ ताठ होते; त्याच तत्त्वावर तिने सौरपंख बनवला. कडेचे दांडे गुंडाळताना जी शक्ती त्यांत साठते त्याच शक्तीवर पंख उलगडतो, त्याला मोटर लागत नाही. नासाच्या एसबीआयआर कंत्राटांवर आणि हवाई दलाच्या प्रयोगशाळेच्या पाठबळावर घडलेला हा पंख जून २०१७ मध्ये स्थानकावर तपासला गेला. उलगडला छान, परत गुंडाळताना मात्र जागेवर अडकेना. शेवटी तो अवकाशात सोडून द्यावा लागला. चार वर्षांनी, जून २०२१ मध्ये, याच जातीच्या मोठ्या पंखांची पहिली जोडी स्थानकाच्या जुन्या, २००० साली बसवलेल्या पंखांपुढे लागायला सुरुवात झाली. जुने पंख थकले होते आणि त्यांना जोड द्यायची तर दुसरे तयार पाहिजे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये लघुग्रहाला धडकलेल्या डार्ट यानावरही हेच पंख होते. कंपनी कुणाच्या नावावर आहे याने या हिशेबात फरक पडतो, पण फार नाही. पंख तयार होता.

निकमॉसचा शीतक २००८ च्या सप्टेंबरात बंद पडला आणि त्यानंतर त्या कॅमेऱ्याने विज्ञानाचे काम केलेले नाही. सहा वर्षे तो चालला. कार्यक्रमाची स्वतःची मुदतही कायम अधांतरीच राहिली आहे, कारण कायदा त्याला दरवेळी काही वर्षांचेच आयुष्य देतो. ३० सप्टेंबर २०२२ रोजी मुदत संपायच्या दिवशीच मुदतवाढीवर सही झाली होती. त्यानंतरची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली तेव्हा हातात मुदतवाढ नव्हती. नवी निमंत्रणे थांबली, तरी ज्या याने-दुर्बिणी तेव्हा फिरत होत्या त्यांच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. क्रिअरच्या टर्बाइनला पहिल्या कामापासून हबलपर्यंत पोहोचायला वीसेक वर्षे लागली होती. त्या मापाने या खंडाचा जमाखर्च २०४५ च्या सुमारास कुणाला तरी मांडावा लागेल.